गाडी खाली घ्या, पण स्प्रिंग कापू नका

संपादक महोदय,

सध्या गाडीचा व्हील गॅप (टायर आणि त्यावरच्या पत्र्यामधली मोकळी जागा) चारी बाजूंनी सारखा दिसावा म्हणून पोरं गाडी खाली घेतायत, म्हणजे तिची उंची कमी करतायत, दिसायला भारीच दिसतं, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण ग्राइंडरनं स्प्रिंगचा वेढा कापायचा किंवा गरम करून बसवायचा, हे बंद व्हायलाच पाहिजे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, गरम केली तर तिचा ताणच जातो, आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की कापलेलं टोक स्प्रिंग बसते त्या खाचेतून सुटू शकतं. ब्रेक मारताना असं झालं तर?

मागचा गॅप कंपनी बऱ्याचदा मुद्दाम जास्त ठेवते, कारण मागं माणसं आणि सामान बसलं की तो भरून निघतो. रिकाम्या गाडीत मागं-पुढं एकदम सेम केलं तर चार जण बसल्यावर मागचा भाग बसतो, बंप स्टॉपवर (सस्पेंशन पूर्ण दबलं की धक्का झेलणाऱ्या रबरावर) आदळतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात (हे तर कुणी बघतच नाही!).

करायचंच असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक अब्सॉर्बर घ्या. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत माप घ्या, टायरवरून नको. चाक गाडीला जोडणाऱ्या आर्मच्या बुशचे (रबरी जोडांचे) बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच फायनल टाइट करा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, टो म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन बिघडला की टायर आतून झिजतो आणि बाहेरून कळतही नाही.

आपला,
एक वाचक