गर्दी का झाली नाही, ते आम्हाला विचारा: लाकूडकाम प्रदर्शनाबद्दल एक तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
प्रदर्शन आयोजक कंपनी

विषय: मे महिन्यात नागपुरात भरवलेल्या हौशी लाकूडकाम प्रदर्शनातील कार्यशाळेबद्दल तक्रार व शुल्क परत मिळण्याबाबत.

संदर्भ: प्रदर्शनानंतर आपण तिकीटधारकांना पाठवलेला ईमेल.

महोदय / महोदया,

आपल्या प्रदर्शनाला आम्ही घरचे चौघं आलो होतो. मी, माझे यजमान, सहावीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. प्रवेशिका प्रत्येकी 250 रुपये. शिवाय ‘हाताने घडवा लाकडी डबा’ या कार्यशाळेसाठी माझे आणि मुलीचे प्रत्येकी 1,200 रुपये वेगळे भरले. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

खरं तर दोन ओळींचा अर्ज करून पैसे मागणार होते. पण मधल्या काळात आपला ईमेल आला. ‘अपेक्षित प्रतिसाद न मिळाल्याने’ पुढच्या वर्षी नागपूर वगळण्याचा विचार आहे आणि ‘नागपूरचा प्रेक्षक या छंदासाठी अजून तयार नाही’ असं त्यात म्हटलंय. ते वाचल्यावर पत्र लांबलं.

आधी कार्यशाळेबद्दल. जाहिरातीत एक बाई लाकूड तासायची पटाशी चालवताना दाखवली होती आणि खाली ‘अनुभवाची गरज नाही, सर्व साहित्य आम्ही देऊ’ असं होतं. प्रत्यक्षात टेबलावर प्रत्येकापुढे एक पाकीट ठेवलं होतं. आत लेझरने कापलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचे, पाच तुकडे, कडा जळून काळ्या झालेल्या, वर एक पाईनची फळी, डिंकाची बाटली आणि सँडपेपरचा चौकोन. ना करवत, ना रंधा, ना काटकोन बघायचा गुण्या. कडा कडांत बसवायच्या, डिंक लावायचा, रबर बँड गुंडाळायचा, की झाला डबा. पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत उरकलं आणि उरलेल्या वेळात आम्हाला एका ड्रिल मशीनची माहिती सांगितली गेली. मागे खुर्चीत बसलेले सासरे मोठ्याने म्हणाले, “हे तं चिटकवनं झालं. सुतारकी कुठं हाये याच्यात?” त्यांचे वडील वाढई, म्हणजे सुतार होते, त्यामुळे त्यांना हे जरा जास्तच लागलं असेल. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

डबा घरी आणला आणि आठवडा व्हायच्या आत झाकण मधोमध चिरलं. का चिरलं तेही सांगते, कारण आपल्या हेल्पलाइनवर मला ‘मॅडम, पडलं असेल’ असं उत्तर मिळालं. झाकणाची पाईनची फळी चारही बाजूंनी एमडीएफच्या चौकटीला डिंकाने घट्ट चिकटवायला लावली होती. सलग लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं. एमडीएफची चौकट तेवढी हलत नाही. बाहेरून आलेली फळी मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या हवेत आकसणारच, आणि चारी बाजूंनी जखडली असेल तर ती फाटण्याशिवाय दुसरं काय करेल? जुन्या वाड्यांच्या दरवाज्यांत मधली फळी म्हणूनच खाचेत सैल बसवलेली असते, तिला कुणी डिंक लावत नाही. लाकडाबद्दल नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट कोणती असेल, तर हीच. एक फळी ओल्या फडक्यात आणि एक उन्हात ठेवून दोन्ही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजायला दिल्या असत्या तरी मुलांना कळलं असतं.

आता गर्दीबद्दल.

आपल्या सभागृहात सगळ्यात स्वस्त वस्तू काय होती, आपण पाहिलंत का? मी शोधत होते. मोठाले टेबल सॉ, संगणकावर चालून लाकूड कोरणारे सीएनसी राऊटर, लॅमिनेटचे नमुने, मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या. फर्निचरचा कारखाना टाकणाऱ्या माणसासाठी सगळं उत्तम. पण ज्याला घरच्या गॅलरीत, शेजाऱ्यांची झोप न मोडता, एक पाट किंवा मसाल्याचा डबा करायचाय, त्याला खरेदी करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि सगळ्यात कमाल म्हणजे लाकूडकामाच्या प्रदर्शनात लाकूडच विकायला नव्हतं! एक फळी नाही, एक तुकडा नाही.

नागपुरात ही गोष्ट किती विचित्र वाटते, हे बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नसेल. या शहरात लकडगंज नावाचा अख्खा भाग आहे. वनविकास महामंडळाचं मुख्यालय इथेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाचं सागवान 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं, त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरहून गेल्याचं सरकारनेच सांगितलं. पण हौशी माणसाची अडचण अशी की सॉ मिलवाला घनफुटाने बोलतो. दोन फूट सागवान आणि फूटभर शिवणीचं लाकूड मागितलं तर तो आपल्याकडे बघून हसतो. त्याच्याकडचे छोटे तुकडे मात्र जळणाच्या भावात जातात. आपण दोन सॉ मिलवाल्यांना फुकट टेबल दिलं असतं आणि त्यांनी तुकड्यांवर नाव लिहून, साग, शिवण, बाभूळ, आंबा, बीजा अशा वेगवेगळ्या टोपल्या मांडल्या असत्या, किंमत पन्नास रुपयांपासून पुढे, तर तिथे रांग लागली असती. यंत्र न घेणारा माणूससुद्धा हातात काहीतरी घेऊन घरी गेला असता. बल्लारशाच्या डेपोतून सागाच्या ओंडक्याची एक आडवी चकती आणून ठेवली असती तर शाळेची मुलं तिला चिकटून बसली असती, कारण सागाची वर्षांची वर्तुळं ठळक असतात, नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. याला खर्च तो कितीसा येतो?

दुसरी गोष्ट बायकांची. हत्यारांच्या एका स्टॉलवर मी पाऊण इंची, म्हणजे सहा सुती पटाशी हातात घेतली आणि तिची पाठ सपाट आहे का ते बघत होते. विक्रेता माझ्या यजमानांकडे बघून म्हणाला, “सर, कुठल्या कामासाठी हवी?” माझ्या यजमानांनी आयुष्यात भिंतीत सरळ खिळा ठोकलेला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यावर तो म्हणाला, “अच्छा, मॅडमना क्राफ्टसाठी का? त्या साइडला पेंटिंगचा स्टॉल आहे.” पटाशी तिथेच ठेवून मी निघाले. एका ग्राहकाची विक्री गेली हा त्याचा प्रश्न. पण दिवसभर फिरताना मला एकाही बाईला कुणी हत्यार हातात देताना दिसलं नाही. जाहिरातीत मात्र बाईच होती. छंद म्हणून हाताची हत्यारं वापरणाऱ्यांत मी एकटी बाई नाही. आमच्या कॉलनीतच निवृत्त शिक्षिका आहेत, त्या लाकडी चमचे कोरतात. त्यांना मी सोबत या म्हटलं होतं. त्या आल्या नाहीत, आणि झालं ते बरंच झालं.

मुलांचा कोपरा राऊटरच्या प्रात्यक्षिकाला खेटून होता. तो माणूस एमडीएफ कापत होता, धूळ ओढणारं यंत्र बाजूला बंद पडलेलं, आणि पलीकडेच तर्री-पोह्याचा स्टॉल. पोह्यांवर शेवेच्या जोडीला भुसाही पडत होता, हे मी विनोदाने लिहीत नाही. लाकडाची धूळ माणसांत कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच ठरवलंय. प्रात्यक्षिक करणाऱ्याच्या तोंडावर मास्क होता. बघणाऱ्यांच्या नव्हता, लेकरांच्या तर नव्हताच. आवाज इतका की सासरे कानावरचं यंत्र काढून बसले. बसले म्हणजे पायरीवर, कारण खुर्च्या फक्त कार्यशाळेत होत्या.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. ज्या शहरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथे मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ही वेळ कुणी ठरवली? तेव्हा अर्धं नागपूर मामाच्या गावाला आणि उरलेलं कूलरसमोर असतं. दुपारी चार ते रात्री नऊ ठेवलं असतं तर वेगळं चित्र दिसलं असतं. जवळच मेट्रोचं स्टेशन होतं, त्याचाही उल्लेख पत्रिकेत नाही. कार पार्किंगचा नकाशा मात्र छान रंगीत.

पण महिना बदलायचा तर नुसतं ऊन टाळून चालणार नाही, तान्हा पोळा धरून बदला. आपल्या कार्यालयात कदाचित कुणाला कल्पना नसेल म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. मुठीत मावणाऱ्या बैलापासून दोन माणसांना उचलावा लागेल अशा नंदीपर्यंत सगळे आकार असतात. पोळ्याच्या आधी महाल आणि इतवारीत जाऊन बघा. लाकडी वस्तूसाठी आई, बाप, आजी, नातू एकत्र बाहेर पडतात असा सण आपल्याला आयता मिळतोय. पोळ्याआधीच्या शनिवार-रविवारी ‘आपला बैल आपण घडवा’ ठेवा. मऊ शिवणीचा ठोकळा, त्यावर आखलेली आकृती, एक बारीक करवत, कानस, सँडपेपर आणि चाकांसाठी कातीव चकत्या. मोठ्यांनी करवत चालवावी, लहानांनी कानशीने घासावं, शिंगं शेवटी बसवावीत. महालातल्या बैल करणाऱ्या एखाद्या कारागिराला मानधन देऊन टेबलावर बसवा. मानधन, बरं का. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे त्याला सांगू नका. तो पाच मिनिटांत बैलाचं वशिंड काढतो तेव्हा भोवती जी माणसं जमतात, ती सीएनसीभोवती जमत नाहीत. यंत्र काचेआड काम करतं, बघणाऱ्याला त्यात आपली जागा दिसत नाही.

बघण्यासारखं काय असू शकतं याचं एक उदाहरण जपानचं. तिथे ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात, त्यात रंध्याने लाकडाचं सर्वांत पातळ छिलकं काढायची स्पर्धा असते, जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. लोक काही विकत न घेताही बघायला उभे राहतात. आपल्याकडे दोन बाकं, चार रंधे आणि एक मायक्रोमीटर एवढ्यात हे जमेल. आमचे सासरे सगळ्यांत आधी नाव देतील.

आणि शाळा. नागपूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने शाळेत शिकवायच्या मूलोद्योगांत, म्हणजे हाताच्या मुख्य उद्योगांत, सुतारकाम घातलं होतं. आज माझ्या मुलीच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं करतात. शिक्षकांना दोष देत नाही. हत्यारं नाहीत, बाक नाही, भीतीही आहे. आपल्यासारख्या कंपनीने सहावी-सातवीच्या मुलांसाठी एक सकाळ राखून ठेवली, शाळांना प्रवेश फुकट दिला, तर त्यांतली काही मुलं संध्याकाळी आईबापांना हात धरून परत आणतील. तिकिटं तेव्हा विकली जातील.

म्हणून ‘प्रेक्षक तयार नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. आलेल्यांपैकी जो यंत्र घेणार नव्हता, त्याच्यासाठी आपण काही ठेवलंच नव्हतं.

आता मागणी. प्रवेशिकांचे पैसे मी मागत नाही, आत जाऊन फिरले आहे. पण कार्यशाळा जाहिरातीप्रमाणे झाली नाही आणि दिलेली वस्तूही सदोष निघाली, म्हणून दोघींचं शुल्क मिळून 2,400 रुपये परत हवेत. ‘पुढच्या कार्यक्रमाचं कूपन’ हा पर्याय हेल्पलाइनने सुचवला होता, तो नको. पुढचा कार्यक्रम नागपुरात नाही असं आपणच म्हणता. शिवाय मुलांच्या कोपऱ्याशेजारी धूळ उडत असताना सुरक्षेची जबाबदारी कुणाकडे होती, याचं लेखी उत्तर हवं.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर द्यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, नोंद करीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही हेही मला माहीत आहे. तशी वेळ येऊ नये ही इच्छा. पोळ्याची कल्पना उचलायची असेल तर खुशाल उचला, कारागीर शोधून द्यायला मी स्वतः महालात येईन.

आपली,
एक तिकीटधारक ग्राहक
मनीषनगर, नागपूर

सोबत: प्रवेशिका व कार्यशाळेच्या पावत्यांच्या छायाप्रती, जाहिरातीची प्रत, चिरलेल्या झाकणाचे दोन्ही बाजूंचे फोटो. झाकण जपून ठेवलं आहे, तपासायला हवं असल्यास माणूस पाठवावा.