विंगेत बसलेल्या काकांना

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, आणि त्यासाठी आजचाच दिवस निवडला. 5 नोव्हेंबर, रंगभूमी दिन. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आपल्याच सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तो दिवस. आज गावात नटांचे, लेखकांचे सत्कार होतील. विंगेतून नटाला विसरलेले शब्द देणाऱ्या प्रॉम्प्टरला कुणी स्टेजवर बोलावत नाही, म्हणून हे पत्र.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती 2019च्या दिवाळीनंतर. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, आणि गच्चीवर अडकलेल्या दोन भावांवर मी एकांकिका लिहिली होती. तोवर ती नऊ-दहा जणांनी वाचली होती. पतसंस्थेतल्या मैत्रिणी, वहिनी, मावसभाऊ. सगळे म्हणाले, "छान आहे, लिहीत राहा." त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण घरी येऊन वही उघडली की कुठं हात घालायचा तेच कळायचं नाही.

तुम्ही दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, आणि रात्री हौशी मंडळींच्या तालमीला प्रॉम्प्टर, 30 वर्षं. "मी काही लेखक नव्हे," म्हणालात आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावलंत. काकू, नात आणि शेजारचे दोघं समोर बसले होते. तुम्ही संहितेकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत राहिलात. वाचन संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलंत, की चौथ्या पानाला नात पंख्याकडे बघायला लागली आणि सातव्याला काकू चहा टाकायला उठल्या. "त्यांना विचारलंस तर छानच म्हणतील. पण उठल्या की नाही?"

मग तो प्रश्न. "तीन दिवस गच्चीवर आहेत. प्यायचं पाणी कुठनं आणतात?"

काका, धाकट्याच्या तोंडी मी नदीवर दीड पान स्वगत घातलं होतं. सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे पुरात स्वतः बघूनही मला लिहिताना सुचलं नव्हतं. त्या रात्री दोघा भावांच्या मध्ये एक कळशी आली आणि एक फुलपात्र. कुणी किती प्यायलं यावरून ते बोलायला लागले, आणि घराच्या वाटणीचं जे भांडण मी स्वगतात समजावून सांगत होते ते आपोआप त्या फुलपात्रात उतरलं. स्वगत गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या वाचनानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मला दुसऱ्या कुणी सांगू शकलं असतं असं वाटत नाही. "नट अडकला की मी पहिले दोन-तीन शब्द देतो. तुझ्या मोठ्या भावाची पाच वाक्यं 'मला काय वाटतं' अशी सुरू होतात. कुठलं दिलं, हे त्याला कळायचं कसं?" घरी जाऊन पाचही वाक्यांवर खुणा केल्या. पाचांत मिळून सांगणं एकच होतं. तीन काढली.

टाळेबंदीत फोनवर कथा वाचून दाखवायचे. समोर श्रोते नव्हते, तर तुम्ही माझा आवाज ऐकलात. "इथं पळतेयस. तुझाच विश्वास नाहीये यावर." दर वेळी बरोबर तिथंच मी लिहिताना चुळबुळले होते.

आता मी कुणाला कथा वाचायला दिली तर "कशी वाटली?" विचारत नाही. तुमच्यासारखं विचारते: कुठं ठेवून उठलात? गोष्ट मला परत सांगाल का? सांगताना माणसं जे गाळतात, ते बहुतेक वेळा गाळण्यासारखंच असतं. आणि कधीकधी मी लिहिलेलंच नसतं असं काहीतरी भर घालून सांगतात. त्यातून दोन कथांचे शेवट मला मिळाले.

नाटकाच्या संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवायच्या आधी तुम्ही आणखी एक वाचन करायला लावलंत. एकदा प्रमाणपत्र मिळालं की मनाला येईल तसा बदल करता येत नाही, म्हणून. तेव्हा मी थकले होते, जरा चिडलेही होते. ते वाचन झालं नसतं तर शेवटची दोन पानं तशीच राहिली असती. त्याबद्दल वेगळे आभार.

प्रयोगात मोठा भाऊ एकदाच अडखळला. मी शेवटच्या रांगेत श्वास धरून बसले होते. तुम्ही विंगेतून म्हणालात, "कळशी इकडे..." आणि त्यानं वाक्य उचललं. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नसेल. मला न ऐकताच कळलं, कारण ते वाक्य तुमच्याच घरात सापडलं होतं.

दोन अंकी नाटकाचा पहिला अंक लिहून झाला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमच्या डोळ्यांना ताण नको, मीच वाचते. त्यातली आई दारात फार वेळ उभी राहते असं मला वाटतंय, पण काढायला हात धजत नाही. काकूंना समोर बसवा. रविवारी चार वाजता येते.

आपली नम्र,
वहीवाली