बंदरभेट : वेळ बदलली आहे

सभासदांनो, रविवारी दहाला नव्हे, पहाटे 5 वाजता निघायचं आहे. कुरकुर चालेल, उशीर नाही.

कारण ओहोटी. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या भेटीची वेळ धरून चालत नाही. शिवाय त्या दिवशी अमावस्या, म्हणजे उधाण. उधाणात भरतीसारखी ओहोटीही मोठी, पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटेल. जुन्या धक्क्याच्या अगदी खालच्या पायऱ्या आणि दोर घासून दगडात पडलेल्या खाचा तेव्हाच उघड्या पडतात. गावाचा इतिहास मला तरी फलकापेक्षा त्या खाचांत जास्त दिसतो.

दीपगृहात वर सोडलं तर भिंग जवळून पाहा, काचेच्या कड्यांत कडी बसवलेलं. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलची ही रचना 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा लागली.

वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय नको. गेल्या वेळी आपल्यातल्याच एकाच्या बुटात अडकून जाळं फाटलं. मालक काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं. फोटो विचारूनच काढा. शेवाळावर घसरतं, पकडीचे बूट घाला.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.