दहाच्या आत

पणजी,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल रात्री तुझे चार मिस्ड कॉल मला दिसले ते सव्वादहाला. मी "कार्यक्रमाला गेले होते" एवढं म्हणून फोन ठेवला, आणि कसला कार्यक्रम ते तू दादाला विचारलंस. त्याने काय रंगवून सांगितलं असेल ते मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. शिवाय यातलं अर्धं बाबांसाठी आहे, आणि ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही. घरात आपण कोंकणीत भांडणारी माणसं, पण पत्र म्हटलं की बाबांच्या शिस्तीप्रमाणे मराठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने गोल करून परत पाठवू नका, एवढी विनंती.

तर माझ्या खोलीच्या दारावर ज्या बँडचं स्टिकर होतं आणि बाबांनी ब्लेडने खरवडून काढलं, तोच पंक रॉक बँड काल वाजवत होता. नाव लिहीत नाही. त्यातला मधला शब्द आईसमोर उच्चारण्यासारखा नाही, आणि बाबांना तो पाठ आहे. "पत्र्यावर नारळ पडल्यासारखं वाजतं" असं तुम्ही म्हणायचात. सोळा वर्षं मी त्यांना ऐकतेय, पण समोर कधीच ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम आसगावला होता, एका जुन्या घराच्या मागल्या अंगणात. स्कूटर घेऊन जुन्या मांडवी पुलावरूनच गेले, कारण मांडवीवरच्याच नव्या अटल सेतूवर दुचाकी सोडत नाहीत. अंगणात वर पत्र्याची शेड, दोन्ही बाजू उघड्या, एका कडेला फळ्या जोडून केलेलं वीतभर उंचीचं स्टेज. माणसं जेमतेम ऐंशी. पहिल्या रांगेतून हात लांबवला तर गिटारला लागेल, इतकं जवळ. गाणारा आता टकला झालाय आणि चष्मा लावतो, हे बघून मला उगाचच माझं वय आठवलं.

बाबा, तुम्ही एकदा विचारलं होतंत की याला गाणं का म्हणायचं. तेव्हा मी दार आपटलं होतं, आता उत्तर देते. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला चार पोरांनी रामोन्स नावाचा बँड काढला. भाऊ नव्हते, तरी चौघांनी रामोन हेच आडनाव लावलं. त्या काळात रॉकवाले वीस-वीस मिनिटं गिटार आळवत बसायचे. यांनी ते सगळं कापून टाकलं. दोन-तीन कॉर्ड (एकदम छेडलेले सूर), दोन मिनिटांचं गाणं, संपलं की लगेच पुढचं. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाहीत. तुमच्या मंडळात एक अभंग रंगला की तेवढ्यात यांची पाच-सहा गाणी उरकतील! शिकलेले हात नसले तरी चालेल, उभं राहून वाजवा, असं म्हणणारं ते संगीत म्हणजे पंक. कर्कश आहे, ते मी मान्य करते. ते तसंच असायला हवं, हे मात्र तुम्ही मान्य करणार नाही.

आई, समोर पोरं एकमेकांच्या अंगावर आदळत नाचत होती. घाबरू नकोस, मी खांबाला धरून होते. त्या गर्दीत एकाचा चष्मा पडला. लगेच दहा-बारा जणांनी कोंडाळं केलं, मोबाइलच्या उजेडात चष्मा शोधला, टीशर्टला पुसून त्याच्या नाकावर बसवला, आणि पुन्हा धक्काबुक्की सुरू. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत याहून जास्त लोक चेंगरतात.

खरी गंमत शेवटी झाली. अंगण उघडं, म्हणजे दहाला लाउडस्पीकर बंद झालाच पाहिजे, आणि आधीच्या बँडच्या ड्रमचा पेडल तुटल्यामुळे सगळंच पाऊण तास मागे पडलेलं. पावणेदहाला घरमालक स्टेजच्या कडेला येऊन मनगटावर बोट ठेवून उभा राहिला. गाणारा म्हणाला, "आता बोलणं बंद." मग काय, सहा गाणी एकापाठोपाठ. टाळ्यांना जागा नाही, पाणी नाही, ड्रमवाला काठीवर काठी चार वेळा आपटायचा की पुढचं सुरू. मालकाचा हात मेन स्विचवर आणि यांची नजर मालकावर. दहाला एक मिनिट कमी असताना शेवटचा ठोका पडला, गिटार शिट्टीसारखी घुमत राहिली, आणि त्याने खटकन स्विच पाडला. त्या शांततेत शेजारच्या कुळागरातले बेडूक ऐकू आले.

आता बाबांचं. गेल्या दिवाळीत पुण्याला तुमचे कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जायचा. म्हणजे शंभरला फक्त पंधरा मिनिटं. खनिजाच्या बार्जवर इंजिनाशेजारी अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे आता कळून काय उपयोग, असं तुम्ही म्हणालात. मी मात्र ते लक्षात ठेवलं आणि काल कानांत फोमचे बोळे घालून गेले.

बोळ्यांनी आवाज नुसता कमी झाला नाही. वरचे सूर जास्त गेले, खालचे राहिले. स, श, फ, थ सगळे गायब. मला तोंडपाठ असलेली गाणी कळत होती, पण नवीन गाण्यातला एकही शब्द लागेना. ओळखीच्या एकाने काहीतरी विचारलं, मी हसून "हो, हो" म्हटलं. तो चमत्कारिक बघत राहिला. नंतर कळलं, त्याने विचारलं होतं, तू कशाने आलीस.

बाबा, तुम्हीही असंच "हो, हो" म्हणता, आणि आम्ही त्यावर हसतो. तुमच्या कानांच्या तपासणीचा तो उतरता आलेख मी पाहिला होता, बाईंनी समजावलंही होतं, तरी मी फोनवर नुसती जोरात ओरडत राहिले. जोरात बोलून गेलेले शब्द परत येत नाहीत, मोठा होतो तो फक्त गोंगाट. गणपतीत मी चिडून फोन ठेवला होता, त्याबद्दल माफ करा.

आणि एक. शब्द जात होते, पण बास गिटार कोब्यातून तळपायात चढत होती, पोटात लागत होती. ती कानाने ऐकायचीच नव्हती.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोचा सप्ताह बसतो. कानाच्या मशीनमधून सगळं फाटकं ऐकू येतं म्हणून गेल्या खेपेला तुम्ही यायचं टाळलंत. या वर्षी या. मंडपात पखवाजाच्या अगदी शेजारी जागा धरते, मशीन खिशात ठेवा, तळहात जमिनीवर टेकून बसा. चोवीस तास अखंड भजन, तिथे कुणी मेन स्विच पाडत नाही. पार, म्हणजे रात्रीच्या त्या मिरवणुका, बघायला मी जागते, आईला आत्याकडे झोपू दे.

दादाला गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढायला सांगितलंय, दोन्ही खालचे बर्थ. येताना आईच्या गुडघ्याचं तेल आणा, इथे ते मिळत नाही. स्टिकर नवीन घेतलंय, फ्रिजवर लावलंय. ब्लेड आणू नका.

तुमची,
धाकटी