साहित्याचा पूर आला, निवडून देणारा कोण?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांना आता अभ्याससाहित्याची वाण राहिलेली नाही, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की पाठाचे साहित्य उघडते, बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, आणि यूट्यूबवरील शिकवण्यांना तर गणतीच नाही. माझी तक्रार या विपुलतेविषयी नाही. एवढ्यातून नेमके काय वाचायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवण्याची जबाबदारी सगळ्यांनी मिळून विद्यार्थ्यावरच टाकली आहे, त्याविषयी आहे.

मी निवृत्त शिक्षक असून नागपूरच्या मानेवाडा भागातील एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांच्या रसायनशास्त्राच्या शंका सोडवतो. तेथील मुलांच्या मोबाइलमध्ये ‘फायनल नोट्स’, ‘फायनल नोट्स नवीन’, ‘लास्ट मिनिट रिव्हिजन’ अशा नावांच्या फायली खच्चून भरलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेकींवर ना वर्ष असते, ना तयार करणाऱ्याचे नाव. परवा नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी एक मुलगी ‘सॉलिड स्टेट’ (स्थायू अवस्था) या प्रकरणाच्या सुवाच्य टिपणांनी भरलेली वही घेऊन आली. हे प्रकरण २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रमातून वगळण्यात आले आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात मात्र तो पहिलाच धडा आहे आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठीही तो करावाच लागतो. म्हणजे एकाच व्हिडिओचा एका मुलाला उपयोग, तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याच्या वेळेचा अपव्यय. आणि व्हिडिओवर याचा उल्लेख कुठेच नाही.

यापेक्षा सूक्ष्म अडचण एकच विषय चार जणांकडून शिकताना येते. विद्युतघटाचा विभव (व्होल्टेज) काढताना आज क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या क्रियेचा विभव, वापरण्याची पद्धत रूढ आहे, पण जुन्या पद्धतीने शिकवणारे काही जण ऑक्सिडीकरण विभव, म्हणजे त्याच्या उलट इलेक्ट्रॉन सोडण्याच्या क्रियेचा विभव, घेतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर असल्या तरी चिन्हे उलटी होतात, आणि दोन व्हिडिओंतली सूत्रे एकत्र करणाऱ्या मुलाचे उत्तर हमखास चुकते. आपण ‘ढ’ आहोत, अशी त्याची समजूत होते ती वेगळीच. नवी माहिती हाताळण्याची मनाची क्षमता मर्यादित असते आणि मांडणीतल्या विसंगतीची जुळवाजुळव करण्यातच ती खर्ची पडली तर शिकायला काही उरत नाही, हे जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच मांडले आहे. शाळा आणि शिकवणी वर्ग मात्र रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणखी पाच लिंका टाकून मोकळे होतात. लिंक पाठवली म्हणजे शिकवले, असा हिशेब आता सर्रास झाला आहे.

ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा, असे आहे. त्या न्यायाने शिक्षकांनी प्रत्येक घटकासाठी एक पुस्तक आणि फार तर एक व्हिडिओ नेमून द्यावा, त्यातला कोणता भाग पाहायचा तेही लिहावे, आणि ग्रुपवर टाकलेल्या प्रत्येक फाइलवर वर्ष व परीक्षेचे नाव असल्याशिवाय ती पुढे पाठवू नये. मुलांना ‘मोबाइल कमी वापरा’ असा उपदेश करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल. तो उपदेश करणारेच बहुधा त्या लिंका पाठवत असतात.

महानगरपालिकेच्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत विषयवार निवडक साहित्याची यादी लावावी आणि दर सत्राला ती तपासून बदलावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही, विषय जाणणारी माणसे लागतात, आणि निवृत्त शिक्षकांची नागपुरात कमतरता नाही. रसायनशास्त्राची यादी करून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर