‘रेझिन’ म्हणजे नेमकं काय, तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाताने बनवलेल्या पेनांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘लाकडाचं पेन अस्सल, बाकी सगळं प्लॅस्टिक’ हे त्यातलं वाक्य मात्र खटकलं. मी २२ वर्षं लेथवर फाउंटन पेनं कातत आलो आहे, म्हणून हे पत्र.

लाकूड मलाही आवडतं. पण ते दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लाकडातच आटे पाडले तर टोपण कधी आवळतं, कधी सैल होतं. शाईचा थेंब पडला की तो रेषांमधून आत उतरतो आणि डाग कायमचा राहतो. म्हणून मी लाकूड फक्त बाहेरून वापरतो. निब बसते तो भाग लाकडाचा कधीच करत नाही.

ज्याला ‘प्लॅस्टिक’ म्हणून एका फटक्यात बाजूला सारलं, त्यातलं एबोनाइट तर मुळात रबर आहे. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवत ठेवलं की असं कडक होतं. कातताना काळी शेव सलग निघते आणि गंधकाचा वास दिवसभर बोटांना राहतो. आटे स्वच्छ पडतात. हातात धरलं तर गार लागत नाही. निबखालची फीड, म्हणजे निबेपर्यंत शाई आणणारा भाग, आजही एबोनाइटची करतात, कारण शाई तिच्यावर थेंब धरून बसत नाही, पसरते.

त्याचे दोषही आहेत. एक जुनं पेन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. टोपण काढलं तर आतला भाग काळा कुळकुळीत आणि उघडा राहिलेला भाग उन्हाने शेवाळी-तपकिरी झालेला. मध्ये आखल्यासारखी सरळ रेघ. चांदीशीही त्याचं पटत नाही. एबोनाइटच्या दांड्यांच्या डब्यात मी चांदीची एक कडी विसरलो होतो, ती काळी पडूनच हाती आली.

अॅक्रिलिक उन्हाला आणि शाईला चांगलं टिकतं, रंगही हवे तसे मिळतात. फक्त ड्रिल घाईने रेटलं की तापून चिकटतं आणि तोंडाशी टवका उडतो. केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं प्लॅस्टिक, दिसायला सुरेख, पण पाणी पिऊन फुगतं. शाईच्या पेनाला मी ते घेत नाही.

सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या बाबतीत चूक माझीच. दांडी पुरेशी सुकू न देता टोपण कातलं, पॉलिश केलं, गिऱ्हाइकाला दिलं. चार महिन्यांनी पेन परत आलं. ते बनवताना वापरलेलं आतलं द्रावक (सॉल्व्हंट) उडून टोपण आकसलं होतं, आटे लागतच नव्हते. तेव्हापासून आधी भोक पाडून दांडी काही महिने तशीच ठेवतो, मगच पुढचं काम.

एवढे वेगवेगळे स्वभाव असताना बहुतेक पेनांच्या माहितीत एकच ढोबळ शब्द असतो, ‘रेझिन’; तो प्लॅस्टिकसारख्या कुठल्याही पदार्थाला लावतात. त्यावरून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. पेनासोबतच्या चिठ्ठीवर पदार्थाचं खरं नाव लिहावं, ही माझी सर्व कारागिरांना विनंती आहे. एबोनाइट असेल तर ‘उन्हात ठेवू नका, पाण्यात भिजत घालू नका’ आणि सेल्युलॉइड असेल तर ‘आगीजवळ नेऊ नका, लगेच पेट घेतं’ एवढी एक ओळ खाली जोडायला काहीच अडचण नाही.

आपला,
एक पेन-कारागीर