गिधाडे मेल्यानंतरची बंदी

महोदय,

जागतिक जैवविविधतेपुढील नव्या धोक्यांविषयी आपल्या पुरवणीतील मजकूर वाचला. हवामानबदल, जंगलतोड, परकीय वनस्पतींचे आक्रमण या सर्वांचा त्यात विचार आहे, पण गुरांच्या औषधांचा उल्लेख कुठेही आढळला नाही. तीसेक वर्षे गुरे पाळत असल्यामुळे मला ही उणीव खटकली, कारण हा धोका थेट आमच्या गोठ्यांतून बाहेर पडतो.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली गिधाडे पक्षीशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांच्या नजरेस आली ती १९९० च्या दशकात. कारण सापडायला मात्र २००४ साल उजाडले. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकचा अंश मृत जनावराच्या मांसातून पोटात गेला की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि हृदय-यकृतावर युरिक ॲसिडचे पांढरे थर साचून ते दगावते, हे पाकिस्तानातील पक्ष्यांच्या तपासणीतून संशोधक लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात एक उरली. एवढ्या संहाराला शंभरातील एखाद्या मृत जनावरातही हे औषध असण्याची गरज नव्हती. एका जनावरावर सगळा थवा उतरतो आणि मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते, यावरून त्यामागचा हिशेब लक्षात यावा.

गिधाडे गेल्यावर गावाबाहेरची मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी रेबीज आणि दूषित पाण्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त माणसे दगावली, असा अंदाज इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. मुंबईच्या डुंगरवाडीत, जिथे पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करतो, तिथे ते उन्हाने सुकवण्यासाठी सौर परावर्तक बसवावे लागले, तेही याच कारणाने.

माझा आक्षेप त्यापुढच्या कारभारावर आहे. पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या आणि त्या ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडले. गुरांचे दुसरे वेदनाशामक केटोप्रोफेन हेही गिधाडांना मारक असल्याचे २०१० च्या सुमारास दिसून आले होते, तर ॲसिक्लोफेनॅक या तिसऱ्या वेदनाशामकाचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते, हे २०१६ मध्ये. या दोहोंवर बंदी आली जुलै २०२३ मध्ये, तर निमेसुलाइड या आणखी एका वेदनाशामकावर डिसेंबर २०२४ अखेर. फ्लुनिक्सिन या अशाच औषधाने स्पेनमध्ये रानातल्या गिधाडाचा बळी गेल्याची नोंद २०१२ ची आहे. त्याच स्पेनने भारताचा अनुभव डोळ्यांसमोर असताना २०१३ मध्ये डायक्लोफेनॅकला पशुवैद्यकीय परवाना दिला आणि २०२० मध्ये तिथे काळ्या गिधाडाचे एक पिल्लू त्यानेच मेले. शहाण्या म्हणवणाऱ्या युरोपातही हेच घडते, एवढेच त्यातून कळते.

गेल्या पावसाळ्यात माझी एक गाय लंगडू लागली, म्हणून तालुक्याच्या औषध दुकानात गेलो. दुकानदाराने तीन बाटल्या समोर ठेवल्या. यातील कोणती गिधाडांना चालते, असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, "गिधाडं राहिलीत कुठे आता?" आमच्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला तरी दोष कसा द्यावा? तिन्ही बाटल्यांवर त्याविषयी एक अक्षर नव्हते.

बंदीच्या या पद्धतीत औषध आधी बाजारात येते, पक्षी मरतात, अभ्यासाला वर्षे जातात, मग अधिसूचना निघते आणि तोवर कंपन्यांचे पुढचे औषध तयार असते. ही साखळी उलटी फिरवायला हवी. गुरांच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वी ते गिधाडांना सुरक्षित असल्याचे उत्पादकाने स्वखर्चाने सिद्ध करावे, विक्रीत असलेल्या पण न तपासलेल्या औषधांना त्यासाठी मुदत द्यावी आणि निष्कर्ष बाटलीवर मराठीत छापावा. हे अशक्य नाही. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची अशी चाचणी २००६ च्या बंदीपूर्वीच झाली होती आणि टॉल्फेनामिक ॲसिड हे वेदनाशामकही सुरक्षित ठरले आहे. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात गिधाडे वाढवणे, जंगलात सोडणे आणि त्यांच्यासाठी औषधमुक्त मढी ठेवण्याची 'उपाहारगृहे' चालवणे ही कामे आदराचीच आहेत, पण बाहेर मढ्यात विष असेल तर पिंजऱ्यात वाढवलेला पक्षी सोडायचा कुठे?

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. कोणत्या गुराला कोणते औषध कधी टोचले, ते गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो. जनावर दगावले की आधी ती तारीख पाहतो आणि अलीकडे मेलॉक्सिकॅमखेरीज दुसरे वेदनाशामक दिले असेल, तर ते माळावर न टाकता खड्डा करून पुरतो.

— एक पशुपालक वाचक, त्र्यंबकेश्वर तालुका, जि. नाशिक